रेनडिअरची वाट आणि धनगराचा वाडा
(नभोवाणीवरील भाषण)



शाळेच्या भूगोलांत टुंड्रा प्रदेशाचा एक धडा असे. बर्फाचें मैदान, महिनोन्महिने चालणारी रात्र, कातड्याचा तंबू, घसरगाडी आणि ती ओढणारा शिंगाळ रेनडिअर, एवढें साहित्य त्यांत ठरलेलें. धड्याच्या शेवटीं एक प्रश्नही ठरलेला: रेनडिअर हा तेथील लोकांचा कल्पवृक्ष कसा, तें सांगा. मुलें दूध, मांस, कातडें, हाडें, शिंगें अशी यादी करीत आणि गुण मिळवीत. यादी खरी होती. परंतु जनावर माणसाला काय देतें, एवढेंच तिच्यावरून कळे. तें माणसाकडून काय करवून घेतें, त्याला कोठें नेतें आणि त्याचें वर्ष कसें आंखून देतें, हा भाग त्या धड्यांत नसे. आज मी त्याच भागाविषयीं बोलणार आहें. त्यासाठीं प्रथम उत्तरेकडे जाऊं आणि मग आमच्या वऱ्हाडच्या रस्त्यावर परत येऊं. कारण तेथली गोष्ट समजण्याची किल्ली आपल्या घराजवळच आहे.

प्रथम जनावराची ओळख. रेनडिअर हा हरणांच्या कुळांतला प्राणी. येथें एक भेद लक्षांत ठेवावा. आमच्या आसेगावाहून फार दूर नसलेल्या कारंजा-सोहोळ अभयारण्यांत काळवीट आहेत. त्यांचीं शिंगें जन्मभर टिकतात. सांबराचीं व चितळाचीं शिंगें मात्र गळतात आणि पुन्हां फुटतात. रेनडिअर या दुसऱ्या वर्गांतला. पण सांबर-चितळांत शिंगें नरालाच असतात, तर रेनडिअरच्या मादीलाही तीं नेमानें येतात. नराचीं शिंगें माजाचा हंगाम संपला कीं हिवाळ्याच्या तोंडाशीं गळून पडतात. गाभण मादीचीं मात्र वसंतांत ती विईपर्यंत टिकतात. त्यामुळें बर्फ उकरून मिळविलेला चारा तिला दांडग्या नरापासून राखतां येतो. ज्या काळांत पोटांतल्या जिवालाही पोसावयाचें, त्याच काळांत सृष्टीनें तिच्या हातीं शस्त्र दिलें आहे.

त्याच्या अंगावरचे केंस आंतून पोकळ असतात. त्यांत हवा कोंडलेली राहत असल्यामुळें कडाक्याच्या थंडींतही अंगाची ऊब बाहेर जात नाहीं. उन्हाळ्यांत खुराची गादी मऊ व पसरट असते, म्हणून तो दलदलींत रुतत नाहीं. हिवाळ्यांत तीच गादी आकसते, खुराची कड पुढें येते आणि तिनें बर्फ फोडतां येतें. त्याच्या बुबुळामागील चकाकणारा पडदा उन्हाळ्यांत सोनेरी असतो तो हिवाळ्यांत निळा होतो, आणि त्यामुळें अंधुक उजेडांतही त्याला दिसतें, असें शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं दाखवून दिलें. दूध थोडेंच निघतें. पण त्यांत पांचवा हिस्सा स्निग्धांश असतो, म्हणजे म्हशीच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट.

त्याचा हिवाळ्यांतला मुख्य आहार म्हणजे लायकेन. शब्द अपरिचित वाटला तरी वस्तु आपल्या स्वयंपाकघरांतली आहे. गोड्या मसाल्यांत आपण जें दगडफूल घालतों, तें लायकेनच. बुरशी आणि शेवाळ या दोन भिन्न जीवांच्या सहवासानें तें बनतें. उत्तरेकडे त्याच्या दुसऱ्या कांहीं जातींचा करड्या-पांढऱ्या रंगाचा गालिचा जमिनीवर पसरलेला असतो. रेनडिअर वासावरून तो बर्फाखालीं हुडकतो आणि पुढच्या खुरांनीं उकरून खातो. परंतु हें लायकेन वर्षाला जेमतेम कांहीं मिलिमीटर वाढतें. एकदां खाल्लेलें वा तुडविलेलें रान पूर्ववत् होण्यास पुष्कळ वर्षें, कधीं कधीं दशकें, लागतात. म्हणून कळप एका जागीं राहिला तर तो आपल्याच अन्नांत माती कालवितो. शिवाय उन्हाळ्यांत डांसांचे व गोमाश्यांचे थवे उठतात, त्यांच्यापासून सुटका व्हावी म्हणून त्याला वाऱ्याचे डोंगरमाथे किंवा समुद्रकांठ गांठावा लागतो. हिवाळ्यांत अरण्यांतलें लायकेन आणि उन्हाळ्यांत मोकळ्यावरचें गवत, अशी त्याची दोन घरें. मधली वाट हेंही त्याचें घरच.

या जनावरामागें जाणाऱ्या लोकांना आपलीं जुनीं पुस्तकें 'लॅप' म्हणत. तें नांव त्या लोकांना अपमानास्पद वाटतें. ते स्वतःला सामी म्हणवितात. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचें कोला द्वीपकल्प अशा चार राष्ट्रांत ते विभागले गेले आहेत. सगळेच सामी रेनडिअर पाळीत नाहींत. बहुसंख्य लोक चारचौघांसारखे नोकरी-व्यवसाय करतात. जे पाळतात त्यांचें वर्ष मात्र अजूनही कळपावर बेतलेलें असतें. ते वर्षाचे आठ ऋतु मानतात: चार मुख्य आणि दोहोंच्या सांध्यावरचे चार. मे महिन्याच्या सुमारास पाडसें जन्मतात. उन्हाळ्यांत तीं कोणत्या आईमागें धांवतात तें पाहून मालकी ठरवितात आणि पाडसाच्या कानाला त्या त्या मालकाची खूण कापतात. पुढें कळप निवडून कांहीं जनावरें मांसासाठीं काढतात आणि हिवाळी रानाची वाट धरतात. तुमच्याजवळ रेनडिअर किती, असें सामी माणसाला विचारणें असभ्यपणाचें समजतात. आपल्याकडे एखाद्याला बँकेंतली शिल्लक विचारावी, तसें तें होतें.

आतां सामींच्या घसरगाडीची जागा बर्फावरच्या मोटरीनें घेतली आहे. परंतु उत्तर-पश्चिम सैबेरियांतील यामाल द्वीपकल्पावरचे नेनेत्स लोक अद्याप कातड्याचे तंबू आणि लांकडी घसरगाड्या घेऊन वर्षाकांठीं शेंकडों किलोमीटर, कांहीं तर हजारावर किलोमीटर, फिरतात. मोटर असो वा घसरगाडी, मूळ गोष्ट बदलत नाहीं. दोरी माणसाच्या हातांत दिसते, पण वाट जनावर ठरवितें. आणि जनावराला ती वाट ऋतूनें घालून दिलेली असते.

हीच गोष्ट मनांत ठेवून आतां आपल्या देशीं येऊं. दिवाळी उलटली, शेतांतलीं पिकें निघालीं कीं आमच्या आसेगावच्या रस्त्यानें मेंढ्यांचे कळप जाऊं लागतात. पुढें मुंडासें बांधलेला, खांद्यावर घोंगडी टाकलेला धनगर. मागें शेंकडों मेंढ्या आणि कडेनें कुत्रीं. शहरांतला माणूस मोटरींत बसून हें पाहतो, तेव्हां त्याच्या मनांत दोन प्रश्न येतात: रस्ता केव्हां मोकळा होईल, आणि हे लोक एका जागीं घर करून कां राहत नाहींत? पहिल्याचें उत्तर पांच मिनिटांत मिळतें. दुसऱ्याचें उत्तर महाराष्ट्राच्या पावसांत आहे.

सह्याद्रीच्या पश्चिमेस कोंकणांत वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच सह्याद्रीच्या पूर्वेस माण, खटाव, फलटण या तालुक्यांत तो जेमतेम पांचशेंच्या आसपास असतो. मेंढी हें कोरड्या हवेचें जनावर. सतत भिजलेल्या जमिनीवर तिचे खूर कुजतात आणि ती रोगाला बळी पडते. तेव्हां पावसाळ्यांत तिनें माणदेशासारख्या कोरड्या मुलखांतच असावें, हें बरें. परंतु तेथलें गवत दिवाळीच्या सुमारास सरतें. नेमक्या त्याच वेळीं कोंकणांत भात निघालेला असतो व खाचरें मोकळीं पडलेलीं असतात. म्हणून धनगर घाट उतरतो आणि मृगाचा पाऊस येण्यापूर्वीं पुन्हां घाट चढतो. यांत लहरीपणा कोठें आहे? जेथें एका जागेनें वर्ष भागत नाहीं, तेथें माणसाला दोन जागा राखाव्या लागतात. उत्तरेकडे बर्फ ठरवितें, आपल्याकडे पाऊस ठरवितो, हिशेब एकच.

वऱ्हाडांत घाट उतरावा लागत नाहीं, पण क्रम तोच आहे. पावसाळ्यांत आमच्या काळ्या जमिनींत सर्वत्र पीक उभें असतें, तेव्हां मेंढ्या माळावर आणि डोंगरकडेला राहतात. पुढें सोयाबीन निघतें, ज्वारी निघते आणि शेवटीं कापसाची उलंगवाडी होते, म्हणजे अखेरची वेंचणी होऊन शेत मोकळें होतें. ज्या क्रमानें शेतें उघडतात त्याच क्रमानें कळप पुढें सरकतात. पऱ्हाटीचा उरलेला पाला, तुरीचीं गळालेलीं पानें, बांधावरचें गवत, हें सारें शेतकऱ्याच्या लेखीं टाकाऊ. मेंढीच्या लेखीं तेंच अन्न. कच्छकडचे रबारीही मेंढ्या घेऊन आणि उंटांवर संसार लादून विदर्भांत फिरतात, ते याच हिशेबानें.

या फिरत्या वस्तीला धनगर 'वाडा' म्हणतात. आपल्या भाषेंत वाडा म्हणजे चिरेबंदी, चौसोपी इमारत. धनगराचा वाडा म्हणजे कांहीं कुटुंबें, त्यांचीं घोडीं, कुत्रीं आणि मेंढ्या. पुरुष कळप घेऊन रानांतून येतात. बायका सामान, कोंबड्या आणि लहान मुलें घोड्यांवर घालून मुक्कामाची जागा आधीं गांठतात, तीन दगडांची चूल मांडतात, पाणी शोधतात. कोंवळ्या कोंकरांसाठीं वाघूर, म्हणजे दोरीचें जाळें, उभारून आडोसा करतात. उद्यांचा मुक्काम कोठें, कोणत्या विहिरीला पाणी आहे, कोणत्या गांवचा पाटील रान देतो, हें सारें ज्ञान लिहिलेलें कोठेंच नसतें. तें चालूनच शिकावें लागतें.

शहरांतल्या आपणांस सहसा ठाऊक नसते ती गोष्ट ही कीं, स्थायिक शेतकऱ्याला हा पाहुणा हवा असतो. कळप रात्रीं शेतांत बसवावा म्हणून शेतकरी स्वतः बोलावणें करतो आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. मेंढ्या जेथें बसतात तेथेंच त्यांची लेंडी व मूत्र जमिनींत मुरतें. उकिरड्यावरचें खत उन्हानें अर्धें निकस होतें, आणि तें गाडींत भरून शेतावर न्यावें लागतें. येथें खत स्वतःच्या पायांनीं शेतावर चालत येतें. आज या तुकड्यावर, उद्यां पुढच्या, अशी कळपाची बैठक सरकवीत सारें शेत खतवितात. अर्थात् धनगराच्या भटकण्यांतून आपल्या ताटांतली भाकरीही कांहीं अंशीं येते. सामी माणसाला असा शेतकरी यजमान नाहीं. तो आणि त्याचें रान एवढेच. आपल्याकडे मात्र फिरता आणि स्थिर या दोघांचा करार आहे, आणि तो शतकानुशतकें चालत आला आहे.

त्या कराराची साक्ष आमच्या दैवतांतही आहे. खंडोबाच्या दोन बायका: म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. बाणाईसाठीं देव स्वतः तिच्या बापाच्या मेंढ्या राखावयास राहिला, अशी कथा आहे. जेजुरीच्या गडावर म्हाळसा देवापाशीं बसते, तर बाणाईचें देऊळ चढणीच्या वाटेवर लागतें. पेठ आणि रान या दोघांशींही देवानें सोयरीक केली, असाच याचा अर्थ. जर्मनींतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक गुंथर सोंथायमर यांनीं वर्षानुवर्षें महाराष्ट्रांत येऊन, धनगरांबरोबर हिंडून, त्यांच्या ओव्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा हीं दैवतें अभ्यासिलीं. १९९२ मध्यें ते वारले. रान आणि वस्ती हीं परस्परांचीं वैरी नसून एकमेकांवांचून अपुरीं आहेत, हा त्यांच्या लिखाणाचा एक मुख्य धागा आहे. आमच्या भागापुरतें सांगावयाचें तर, सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलनें ऐने-अकबरींत वाशीमच्या आसपासच्या हटकर लोकांची नोंद केली आहे. धनगर समाजांत गणले जाणारे हे लोक मानी व सहसा न नमणारे असून त्यांच्याजवळ एक हजार घोडेस्वार आणि पांच हजार पायदळ आहे, असें तो सांगतो. ज्यांना आपण वाटसरू समजतों, ते या मुलखाचे जुने रहिवासी आहेत.

आतां या जीवनक्रमावर आलेल्या संकटाविषयीं. ऋतूवर आंखलेलें वर्ष ही एक साखळी असते. तींतली एक कडी तुटली तर बाकीच्या धड असून उपयोग नाहीं. नोव्हेंबर २०१३ मध्यें यामालवर अवेळीं पाऊस पडला आणि पाठोपाठ कडाक्याचा गारठा आला. बर्फावर पडलेलें पाणी गोठून त्याचा जाड थर झाला. खुरांनीं तो फुटेना. चारा खालीं दिसत असून तोंडाला लागेना. त्या हिवाळ्यांत सुमारें ६१,००० रेनडिअर उपाशी मेले. आपल्याकडे डिसेंबर २०२१ च्या आरंभीं पुणें आणि अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) या जिल्ह्यांत असाच अवेळीं पाऊस व गारठा आला. पावसाळा संपला म्हणून उघड्या रानांत उतरलेल्या कळपांतल्या शेंकडों मेंढ्या एका रात्रींत काकडून मेल्या. कोठें आर्क्टिक आणि कोठें जुन्नर-पारनेर! पण दोन्हीकडे मारणारा एकच: वेळ चुकवून आलेला पाऊस.

दुसरें संकट बाजाराचें. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिच्यावर सणगरांचे व खुटेकरांचे माग चालत. चिंचोक्यांची खळ दिलेली घोंगडी पावसांत पांघरूण आणि रात्रीं अंथरूण होई. गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांपुढें ती मागें पडली. आज पुष्कळ ठिकाणीं लोकरीच्या किंमतींत कातरण्याची मजुरीही निघत नाहीं. म्हणून धनगर मांसाच्या दरावर जगतो आणि माडग्याळसारख्या उंच, कमी लोकरीच्या जातीकडे वळतो. २०१९ च्या पशुगणनेंत महाराष्ट्रांत सुमारें २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. म्हणजे धंदा मोडलेला नाहीं, त्याचें रूप पालटलें आहे.

तिसरें संकट वाटेचें, आणि माझ्या मतें सर्वांत मोठें. इंग्रजी अमलांत जंगलें राखीव झालीं आणि चराईवर बंधनें आलीं. पुढें गायरानें आक्रसलीं, माळ नांगराखालीं गेले, विहिरींना कुंपणें पडलीं. आतां आमच्या वाशीम जिल्ह्यांतून ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धि महामार्ग गेला आहे. दोन्ही बाजूंस कुंपण असलेला हा रस्ता मोटरींना जोडतो आणि कळपांना तोडतो. मेंढ्यांना पलीकडे जावयाचें तर खालून काढलेला बोगदा गांठावा लागतो. या सर्वांच्या मुळाशीं एक शब्द आहे: 'पडीक'. ज्या जमिनींत नांगर चालत नाहीं तिला आपण पडीक म्हणतों, दप्तरांत पोटखराबा लिहितों, आणि ती कोणाचीच नाहीं असें समजून वाटेल त्याला देतों. लायकेनचें रानही परक्या डोळ्यांना ओसाडच दिसतें. परंतु पडीक जमीन हें मेंढपाळाचें शेत आहे. तें तो नांगरानें नव्हे, पायांनीं कसतो.

वाट राखतां येतच नाहीं, असें मात्र नाहीं. १७५१ सालीं डेन्मार्क-नॉर्वे आणि स्वीडन यांनीं आपल्यामधली सरहद्द आंखली, तेव्हां करारास एक पुरवणी जोडून सामींना पूर्वापार रीतीप्रमाणें रेनडिअर घेऊन सरहद्द ओलांडण्याचा हक्क मान्य केला. दोन्ही राज्यांत युद्ध जुंपलें तरी या लोकांच्या येण्याजाण्याला बाध येऊं नये, असेंही त्यांत ठरविलें. राजांनीं नकाशावर रेघ ओढतांना जनावराची वाट आधींची आहे हें ओळखलें. उलट १८५२ मध्यें रशियानें आपल्या अमलाखालील फिनलंडची नॉर्वेकडील सरहद्द रेनडिअरांना बंद केली, तेव्हां कित्येक कुटुंबांना मुलूख बदलावा लागला. नॉर्वेंतील फोसेन येथें पवनचक्क्यांनीं हिवाळी रान व्यापलें. ११ ऑक्टोबर २०२१ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ते परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करणारे म्हणून अवैध ठरविले. पवनचक्क्या उभ्याच राहिल्या, पण २०२३ व २०२४ मध्यें पशुपालकांशीं तडजोडीचे करार झाले.

आपल्याकडेही २००६ च्या वनहक्क कायद्यानें भटक्या पशुपालकांचा ऋतुपरत्वें चराईचा हक्क मान्य केला आहे. कायद्यांतला हक्क रानांत उतरावयाचा तर वाट कोणती, मुक्काम कोणते, पाणी कोठलें, हें कोणीतरी विचारून लिहून ठेविलें पाहिजे. गांवोगांवच्या ग्रामसभांनीं आपल्या शिवारांतून जाणारी मेंढ्यांची वाट गांवनकाशावर दाखविली आणि गायरानाचा एक तुकडा मुक्कामासाठीं राखला, तर त्याला फार खर्च येणार नाहीं. आज वाडा चालविणारीं म्हातारीं माणसें आहेत तोंवरच हें होईल. त्यांचीं मुलें ट्रक चालवूं लागलीं कीं ती वाट सांगावयास कोणी उरणार नाहीं. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२६ हें वर्ष कुरणें आणि पशुपालक यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून ठरविलें आहे. त्या निमित्तानें सभा-संमेलनांपेक्षां एवढें एक काम झालें, तरी पुष्कळ झालें.

आणि श्रोत्यांपैकीं जे मोटरीनें प्रवास करतात त्यांना इतकीच विनंति कीं, रस्त्यांत कळप आडवा आला तर कर्णा वाजवूं नये. कर्ण्यानें मेंढ्या बिथरतात व कोंकरें आयांपासून तुटतात. आपण थांबलों तर धनगर त्यांना आपसूक कडेला घेतो.